शंका असल्यास

ट्राम हाजराच्या थांब्यावरून सुटली तेव्हा तो मुलगा उठला आणि म्हणाला, "मासीमा, बसा ना." मी मागे वळून पाहिलं. मागे एक खांब होता आणि खांबाला टेकून झोपलेला कंडक्टर होता. म्हणजे मासीमा, मावशीबाई, मीच. मुलगा कॉलेजातला, ओठांवर जेमतेम मिसरूड, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर उपकाराचा भाव नाही की थट्टेचा नाही. म्हातारी दिसली, उठला. मी बसले. परवापरवापर्यंत मला सगळी ट्राम दीदी म्हणत होती. दीदीची मासीमा कुठल्या थांब्यावर होते याचा आकडा आमच्या कार्यालयात मिळत नाही, नाहीतर बाकी सगळे मिळतात. कलकत्त्यातल्या किती घरांत आठवड्याला किती वेळा मासे शिजतात, किती जण चपला घालतात, किती बायका चुलीपुढे दिवसाचे किती तास बसतात, हे मी झोपेत सांगेन. खिडकीतून नोव्हेंबरचं कोवळं ऊन मांडीवर आलं होतं. मांडीवर चामड्याची पिशवी होती, आणि पिशवीत निरापद सामंत यांचे आठ फॉर्म होते. बसायला जागा मिळाली हे खरं म्हणजे बरंच झालं होतं. पण 'मासीमा' हा शब्द चपलेत आलेल्या खड्यासारखा चेतला बाजार येईपर्यंत टोचत राहिला. सत्तेचाळीस म्हणजे काही वय नव्हे, असं मी स्वतःला दोनदा बजावलं.

वय हाच माझा धंदा. मी पाहणी खात्यात छाननी अधिकारी आहे. पाहणीवाले दारोदार जाऊन फॉर्म भरून आणतात आणि मी ते चाळणीतून काढते. चाळण माझी मीच विणलेली आहे आणि तिचा मला थोडा गर्व आहे, थोडा कसला, चांगलाच आहे. शंभर माणसांतल्या वीसेक जणांच्या वयाचा शेवट शून्यावर किंवा पाचावर व्हावा. दहा अंकांतले दोन अंक, साधा हिशेब. पण माणसांना स्वतःचं वय कुठे माहीत असतं? चाळीस म्हणतात, पन्नास म्हणतात, फारच चोख माणूस असला तर पंचावन्न म्हणतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्धमानकडच्या एका गावात मी एका म्हाताऱ्याला वय विचारलं होतं. तो म्हणाला, "तू लिहितेयस ना? मग बघ माझ्याकडे आणि तूच लिही." मी बघितलं आणि साठ लिहिलं. बघून कुणी एकसष्ट लिहितं का? म्हणून आमच्या फॉर्मांत शंभरातले चाळीस-पंचेचाळीस जण शून्य-पाचावर येऊन बसतात. पाखरं तारेवर बसावीत तसे सगळे तिथेच. ते चुकीचं असतं, पण ती चूक खरी असते. ज्याच्या फॉर्मात ती दिसत नाही तो पाहणीवाला घरी बसून, मुरमुरे खात, मनाने आकडे लिहितो, असा माझा सिद्धांत. या सिद्धांतावर मी गेल्या सहा वर्षांत चौघांना पकडलं होतं आणि चौघांनीही कबूल केलं होतं. एक तर रडला होता.

निरापदबाबू पाचवे. चौसष्ट घरं, तीनशे एकोणीस मोठी माणसं, त्यांतली शून्य-पाचावर फक्त सहासष्ट. म्हणजे निसर्ग स्वतः फॉर्म भरायला बसला असता तर जितकी आली असती तितकीच. सदतीस, त्रेचाळीस, छपन्न, शहात्तर. इतकं खरं कोण सांगतं? शिवाय प्रत्येक फॉर्मचा समास खोडरबराने पुसलेला होता. कागद घासून घासून मऊ झालेला, काही ठिकाणी लव उठलेली. कच्चं लिहायचं, जुळवायचं, पुसायचं. चोर पावलांचे ठसे पुसतो तसंच, मी सोमवारी सहसंचालकांना लिहिलेल्या टिपणात हे जवळजवळ याच शब्दांत लिहिलं होतं आणि मग 'चोर' खोडून 'संबंधित कर्मचारी' केलं होतं. शुक्रवारी सहसंचालक पुरकायस्थसाहेब त्या टिपणावर सही करणार होते. सही झाली की चौसष्ट घरं मोजणीतून बाद होणार होती आणि निरापदबाबूंच्या सेवापुस्तकात तीन ओळी चढणार होत्या. जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षं चालले होते ते, छत्री, कापडी झोळी आणि मुरमुऱ्यांचा डबा घेऊन, आणि फॉर्म नेहमी सगळ्यांच्या शेवटी आणून द्यायचे. नियमाप्रमाणे आठातलं एक घर कुणालातरी फेरतपासावं लागतं. चौसष्टांतली आठ झाली; मी म्हटलं, मीच जाते. पकडायचं तर आपल्या हाताने, हा माझा स्वभाव. आई म्हणते, तुझ्या या स्वभावामुळेच तुझं लग्न झालं नाही. ते खोटं आहे. लग्न झालं नाही ते एकोणीसमुळे.

त्याचं असं झालं. मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा बाबांनी वय सांगितलं एकोणीस. दुसरं आलं तेव्हाही एकोणीस. मी सलग तीन वर्षं एकोणीस वर्षांची होते आणि प्रत्येक हिवाळ्यात मला ती मुदत वाढवून मिळत होती. चौथ्या वर्षी भवानीपूरहून आलेल्या मुलाच्या मावशीने भर बैठकीत विचारलं, "तीन वर्षांपूर्वी माझ्या जावेकडे दाखवलीत तेव्हाही एकोणीसच होती ना हो?" बाबांच्या हातातली संदेश मिठाईची बशी तशीच राहिली. मला हसू आवरेना, पदर मी तोंडात कोंबला, आणि ते हसणं मावशीने पाहिलं. पुढे कुणी आलं नाही. मी गणितात पदवी घेतली, आकड्यांच्या कार्यालयात लागले, आणि खोट्या वयांच्या मागे लागले. याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता ट्राममधून उतरताना वाटलं आणि मी तो विचार ट्राममध्येच सोडला. तसं माझं बरं चाललं आहे. काळीघाटातलं दोन खोल्यांचं घर, आई, सकाळचा चहा, कार्यालयात खिडकीजवळचं टेबल, आणि दर महिन्याला नव्या हजार कुटुंबांचे संसार वाचायला. इतकी माणसं ओळखीची असताना एखादा नवरा नसला तर काय बिघडलं.

चेतला बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिलं घर क्षांतमणी नस्कर हिचं. ती उंबऱ्यात बसून वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवत होती. खळीचा आंबूस वास, शेजारी कुणाच्या तरी कढईत मोहरीचं तेल तापलेलं. मी ओळख सांगितली. तिने न बघताच पाट सरकवला. मी वय विचारलं.

"साठ लिही," क्षांतमणी म्हणाली.

मी पिशवीतला निरापदबाबूंचा फॉर्म अर्धा वर काढून पाहिला. छपन्न. छातीत छानसं धडधडलं. सापडला. मी खात्रीसाठी पुन्हा विचारलं, "नक्की साठ?"

"बासष्ट लिही हवं तर. माझं काय जातं?"

"आणि गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले होते, त्यांना किती सांगितलंत?"

"त्यालाही साठच सांगितलं," तिने खळीचं बोट पदराला पुसलं आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तो म्हातारा ऐकतो होय? साठ म्हटलं की लगेच उठून गेलीस तर तू त्याच्या खात्यातली नाहीस. तो इथे बसला, तू बसलीस तिथेच. पाणी मागितलं. मला म्हणाला, दीदी, मोठा भूकंप आठवतो का? म्हटलं, न आठवायला काय झालं, आमच्या गोठ्याची भिंत पडली. तो म्हणाला, भिंत राहू दे, तुझे दात सांग."

"दात?"

"दुधाचे. पडले होते की नव्हते? आता बघ, मला माझ्या नातवाचं नाव आठवत नाही कधीकधी, पण ते आठवलं. खालचे दोन पडलेले, वरचा एक हलत होता. भूकंपात मी धावताना पडले आणि तो हलणारा गेला. आई भिंतीला रडत होती आणि मी दाताला. तो म्हातारा इतका खूश झाला, जणू त्याचाच दात सापडला. मग पेन्सिलीने इथे कडेला काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, तू छपन्न. मी म्हटलं, चार वर्षं परत दिलीस, तोंडात साखर पडो तुझ्या."

मी हिशेब केला. मोठा भूकंप चौतीसच्या जानेवारीत. दात पडण्याचं वय साडेसहा. सत्तावीसचा मध्य. आज छपन्न. मग मी फॉर्म पूर्ण बाहेर काढला आणि उन्हात तिरका धरला. पुसलेल्या समासात पेन्सिलीचा दाब तसाच होता, शाई नसलेली अक्षरं, खरवडलेल्या कागदावर दबलेली. 'भू. दात खा २, व १.' दुसऱ्या माणसापुढे 'जपानी बाँब, लग्नानंतर ३ म.' तिसऱ्यापुढे 'पूल उघडला, रांगत होता.' मी गल्लीत उभी राहून आठही फॉर्म एकेक करून उन्हात धरले. क्षांतमणीला वाटलं असेल, मी नोटा खऱ्या की खोट्या ते पाहतेय. पुढच्या सात घरी मी गेले, ते केवळ जायचं म्हणून. एका म्हाताऱ्याने मला ऐंशी सांगितलं आणि निरापदबाबूंच्या फॉर्मात शहात्तर होतं. मी विचारलं, मोहनबागानने फुटबॉलमध्ये गोऱ्यांना हरवून शील्ड जिंकली तेव्हा तुम्ही कुठे होता? म्हातारा काठी टेकत उभाच राहिला. "बापाच्या खांद्यावर," तो म्हणाला, "आणि तिथेच मुतलो. बाप म्हणाला, आजच्या दिवशी माफ." अर्धा तास तो मला सोडेना. तिथे मला प्रथमच वाटलं की मी ही नोकरी इतकी वर्षं केलीच नाही, फक्त तपासली.

समास मात्र का पुसले? ट्रामची वाट पाहत असताना ते आठवलं आणि कानशिलं तापली. तीन वर्षांपूर्वी माझ्याच सहीने एक पत्रक निघालं होतं. 'फॉर्मच्या समासात अनावश्यक खुणा आढळतात. समास कोरे ठेवावेत.' कोरे समास दिसायला फार छान दिसतात. त्या पत्रकाबद्दल पुरकायस्थसाहेबांनी माझं कौतुकही केलं होतं. म्हणजे ठसे पुसायला सांगणारी मी, आणि ठसे का पुसले म्हणून पकडायला निघालेलीही मीच. मला लाज वाटली, साधी, शाळेत वाटते तशी. पण खरं सांगायचं तर त्या लाजेखाली एक सुख होतं. इतक्या वर्षांत एक तरी माणूस खरं विचारत फिरत होता, आणि तीनशे एकोणीस माणसं त्याला खरं सांगत होती. आपल्या चाळणीवर खडाच नव्हे, दाणाही अडकू शकतो हे कळलं की वाईट वाटायला हवं. मला ते निवांत वाटलं.

घरी आले तर आई चौकटीत ऊन घेत मोचा निवडत बसली होती, केळफुलाच्या काळ्या रंगाने बोटं माखलेली. मी चपला काढता काढता, अगदी सहज, सवय लागल्यासारखी विचारलं, "मा, मोठ्या भूकंपात तू कुठे होतीस?"

"कुठे असणार? याच शहरात. बागबाजारच्या घरी." आईचे हात थांबले नाहीत. "संक्रांत नुकतीच झालेली. उरलेले तांदळाचे गोड पिठे घेऊन मी दुपारची खायला बसले होते, कारण तुझ्यामुळे मला सारखी भूक लागायची. तेवढ्यात खाट चालायला लागली. सगळे अंगणात पळाले. मला पळता येईना, एवढं पोट. तुझे बाबा मच्छरदाणीचा दांडा धरून उभे. जसं काही घर त्यांनीच धरलंय."

"माझ्यामुळे?"

"मग कुणामुळे? अकराव्या दिवशी झालीस. सुईण म्हणाली, भूकंपाने हलवली म्हणून लवकर आली. पण लवकर कसली, दिवस भरलेच होते."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझ्या दाखल्यावर छत्तीस सालची दोन जानेवारी आहे. शाळेच्या मोठ्या बाईंची ती आवडती तारीख होती. आमच्या वर्गातल्या बावीस मुली दोन जानेवारीला जन्मल्या होत्या, हे मला माहीत होतं आणि मी त्यावर कार्यालयात विनोदही करत असे. पण साल? साल मी कधी मोजलंच नव्हतं.

"बाबांनी दोन वर्षं कमी लावली," आई म्हणाली. "पुढे नोकरीबिकरीला बरं पडतं म्हणून. आणि पडलं की नाही?"

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" आईने निवडलेला मोचा पाण्यात टाकला. "सगळ्या कलकत्त्याला विचारत फिरलीस."

मग ती हसली आणि मीही. एकोणीस तीन वर्षं टिकलं होतं, त्यातली खरी मेख आता कळली. बाबा खोटं सांगत होते ते आणखीच खोटं होतं, पहिल्या वेळीच मी एकवीस होते. ट्राममधल्या त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने कसलाही ताळा न लावता, नुसतं बघून, मला बरोबर ओळखलं होतं. आईने गरम भातावर मोचा वाढला, त्यात नारळ जरा जास्त पडला होता, आणि मी दोनदा मागून घेतला. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला शोभेल असं जेवले. मनात थोडी धाकधूक होती. सरकारी नोकरीतली निवृत्तीआधीची दोन वर्षं माझी नव्हती, बाबांनी मिळवून ठेवलेली होती. पण ती भीतीसुद्धा पोट भरल्यावर येते तशी सुस्त होती.

बुधवारी मी टिपण परत मागायला गेले. पुरकायस्थसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मिस भौमिक, सोमवारी तुम्ही म्हणालात की खोटं आहे. आज म्हणता की खरं आहे. मी कुठल्या मिस भौमिकवर सही करू?"

"आजच्या."

"आणि या एकाचं खरं धरलं तर बाकी अडतीस जणांचं काय? त्यांची तर सगळी माणसं शून्य-पाचावर बसलीत."

"त्यांना विचारायला शिकवावं लागेल."

"कोण शिकवणार?"

"जानेवारीपर्यंत आहेत ना निरापदबाबू."

साहेबांनी टिपण माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "समासाचं पत्रक पण तुमचंच होतं, नाही?" मी हो म्हटलं. ते परत घेतल्याचं पत्रकही मीच लिहिलं. त्याला चार ओळी लागल्या आणि सबंध दुपार लागली.

निरापदबाबूंना मी हे सांगितलं तेव्हा ते जिन्याखाली बसून मुरमुरे खात होते. मी माफी मागितली. सरळ मागितली, कारण वळसे घेऊन मागायला मला जमत नाही. ते उठून उभे राहिले, हातातला डबा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. "तसं काही नाही, दिदिमणी. सूचनापुस्तकात लिहिलंय तेवढंच मी करतो. 'सांगितलेलं वय लिहावं, शंका असल्यास खात्री करावी.' मला शंका असतेच." मग हळूच म्हणाले, "समासाचं एक बरं झालं. रोज रात्री जेवणानंतर पुसत बसायचो. बायको म्हणायची, पुसायचं तर लिहायचं कशाला, आणि लिहायचं तर पुसायचं कशाला. तिला आता सांगतो." त्यांनी डबा पुढे केला. मुरमुऱ्यांत कच्चं तेल आणि हिरवी मिरची होती. मी मूठभर घेतले आणि आम्ही जिन्याखाली उभ्याउभ्याच खाल्ले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या पाहणीवाल्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. तीस मुलं-मुली, कोऱ्या वह्या, टोक काढलेल्या पेन्सिली. निरापदबाबू फळ्यापुढे उभे राहिले, घाबरलेले, धोतराचा सोगा सारखा करत. फळ्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. म्हणाले, "उत्तर देणारं कुणी तरी लागेल. नुसतं सांगून येत नाही हे." आणि इकडेतिकडे पाहत त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी उठून समोरच्या खुर्चीवर बसले. मागच्या बाकावर पुरकायस्थसाहेब हाताची घडी घालून बसले होते. माझं सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात असतं.

"नाव?"

"अणिमा भौमिक."

"वय?"

"सत्तेचाळीस," मी म्हणाले. सवयीने म्हणाले. दाखल्यावरचं वय आपोआप तोंडी येतं.

निरापदबाबूंनी ते लिहिलं नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि शेजारच्या मुलीकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर, आपल्याला कुठेही जायची घाई नाही अशा आवाजात ते म्हणाले, "दिदिमणी, थोडी शंका आहे. मोठ्या भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

खोलीत तीस पेन्सिली थांबल्या होत्या. मागे साहेब होते. मला बागबाजारचं ते घर दिसलं, मी कधी न पाहिलेलं, चालणारी खाट, मच्छरदाणीचा दांडा धरून उभे असलेले बाबा, आणि पिठ्यांची बशी हातात घेऊन जागच्या जागी बसलेली एक तरुण बाई. खोटं बोलायला अजूनही वाव होता. मला तसं अजिबात करावंसं वाटलं नाही.

"आईच्या पोटात," मी म्हणाले. "दिवस भरले होते. अकराव्या दिवशी जन्मले."

सगळे हसले. मागे साहेबांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी बोटांवर मोजत होती. मोजून झाल्यावर तिने मान वर केली. "म्हणजे एकोणपन्नास, मासीमा?"

"एकोणपन्नास," मी म्हणाले. "आणि भूकंपाचं ते समासात लिही. पुसू नकोस."